डिंकमावशी आणि खालची कड

त्या दिवशी सकाळी धुकं एवढं दाट होतं की कारखान्याचं फाटक हाताला लागेपर्यंत दिसलं नाही. डिंकमावशीला धुक्याचा राग होता. थंडी चालते, ऊन चालतं, पाऊससुद्धा दाराबाहेर पडतोय तर पडो बापडा. पण धुकं फटीतून आत शिरतं आणि बाटल्यांना घाम फुटतो. घाम फुटलेल्या काचेवर लेबल बसत नाही. बसल्यासारखं दाखवतं आणि दुपारी कोपरा वर करून हसतं. म्हणून अशा सकाळी ती सगळ्यांच्या आधी यायची. कुलूप काढायचं, विजेची शेगडी लावायची, आदल्या दिवशी आणून ठेवलेल्या बाटल्या शेगडीभोवती शेकायला बसवल्यासारख्या मांडायच्या, आणि मग एकेक उचलून गालाला लावून बघायची. तळहाताचं काही खरं नाही, असं तिचं म्हणणं. तळहात डिंकानं जाड झालेला. गाल खोटं बोलत नाही.

खोलीचं नाव पाठखोली. वाइनच्या बाटलीच्या पोटावरचं लेबल पुढच्या दालनात मशीन लावतं. पाठीवरचं घरचं लेबलही मशीनच लावतं: द्राक्षं कुठली, दारू किती टक्के, कारखान्याचा पत्ता, आणि अगदी तळाशी मुंगी चालत गेल्यासारखा बारीक बॅच नंबर. देशातल्या देशात विकायची बाटली तेवढ्यावर मोकळी. परदेशी जाणारी मात्र पाठखोलीत यायची, कारण प्रत्येक देशाची खोड निराळी. एकाला टक्के दशांशात हवेत, दुसऱ्याला दशांश दिसला की तो माल उलटा पाठवतो. एकाला पोटुशी बाईचं चित्र हवं, त्यावर आडवी काट मारलेली. एकाला ‘गोड’ हा शब्द एवढ्याच उंचीचा हवा, पट्टी लावून मोजतात म्हणे. तर घरच्या लेबलावर त्या त्या देशाचं लेबल हातानं चढवायचं, हे पाठखोलीचं काम. मशीनला ते जमलं नसतं असं नाही. पण दर खेपेला लेबलाचं माप नवं, जागा नवी. मशीन जुळवून होईपर्यंत डिंकमावशीचा अर्धा माल हातावेगळा झालेला असायचा.

ती या खोलीत आली ती नवऱ्याची पाठ मोडल्यावर. तो द्राक्षं दाबायच्या यंत्रावर होता. एका हंगामात लोखंडी झाकण उचलताना कमरेत काहीतरी सटकलं ते सटकलंच. त्याच्या जागी त्याची बायको घेऊ, असं मालकाचे वडील म्हणाले, आणि यंत्राचं काम बाईला नको म्हणून तिला डिंकाच्या डब्यापुढे बसवलं. बसली ती बसलीच. “मावशीला खुर्ची देऊ नका, उठताना खुर्चीही येईल,” हा हमालांचा विनोद इतका जुना झाला होता की आता त्यावर कुणी हसतही नसे. फक्त नाव राहिलं.

नव्या बायांना ती एकच गोष्ट शिकवायची. बाटलीचा तळ सरळ नसतो, काच ओततानाच कुठेतरी कलते. तेव्हा तळावरून माप धरलंत तर फसलात. घरच्या लेबलाची खालची कड मात्र मशीननं लावलेली, एका रेषेत. आपलं लेबल त्या कडेला टेकवायचं आणि अंगठ्यानं मधून बाहेर दाबत न्यायचं. “कड धरा, बाकीचं आपोआप धरतं,” एवढंच तिचं शास्त्र. तिची धाकटी जाऊ याच शास्त्रावर तयार झाली आणि आता मावशीच्या बरोबरीनं हात चालवायची. तोंड मात्र दुप्पट चालायचं.

तर अशी ही पाठखोली, आणि तिच्यावर आता गदा आली होती.

झालं होतं असं. समुद्रापलीकडचे जे मोठे गिऱ्हाईक देश, त्यांनी आणि आपल्या सरकारनं मिळून एक करार केला. मालकानं पिंपांच्या दालनात सगळ्यांना गोळा करून उलट्या ठेवलेल्या क्रेटवर उभं राहून तो समजावला. मालक बोलका माणूस नव्हे. पण त्या दिवशी तो थांबेना. त्याच्या वडलांच्या काळापासूनचं रडगाणं होतं ते. आपल्या प्रयोगशाळेनं तपासलेली वाइन तिकडच्या बंदरात उतरली की तिकडचे पुन्हा तपासणार. तोवर कंटेनरचा डबा उन्हात उभा. पांढरी वाइन आत शिजून पिवळी पडणार, आणि मग तेच म्हणणार की तुमचा माल हलका. वर जकात. वर लेबलांची ही नाटकं. आता हे सगळं जाणार होतं. त्यांची तपासणी आपल्याला मान्य, आपली त्यांना मान्य. घरचं लेबल जसंच्या तसं चालेल. फक्त तिथं माल उतरवून घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या नावपत्त्याची एक पट्टी पाठीवर हवी, बस्स. मालकानं बाटली उंच धरली, तिची पाठ पुढे केली आणि लेबलाच्या तळाशी बोट ठेवलं. म्हणाला, सगळा करार या एका नंबरावर उभा आहे. या नंबरावरून त्यांना आपली तपासणी सापडते. हा वाचता आला की बाटली आपल्याच गावात असल्यासारखी तिकडे फिरेल.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीनंही वाजवल्या. टाळ्या वाजवताना तिच्या लक्षात आलं की आपण कशासाठी टाळ्या वाजवतोय, आणि हात तसेच एकमेकांना धरून राहिले.

खोलीत परतल्यावर धाकटी म्हणाली, “जाऊबाई, लग्न त्यांचं आणि पाठवणी आपली.”

मावशीनं डिंकाचा डबा उघडला आणि पुढची बाटली ओढली. पण त्या दिवसापासून एक हिशेब तिच्या डोक्यातून जाईना. जेवताना असायचा, कपडे धुताना असायचा. नवऱ्याला औषधाची गोळी देताना वाटायचं, ही आणखी किती दिवस आणता येईल. रस्त्यात कुणी विचारलं की काय मावशी, मजा आहे आता, सरकारनं दारं उघडली तुमची, तर ती हो हो म्हणायची. दार उघडलं ते खरंच होतं. पण दाराला लावलेल्या कडीचा पगार ज्याला मिळतो त्यानं काय करायचं, हे कुणी क्रेटवर चढून सांगितलं नव्हतं.

खोली बंद होणार असं मालकानं तोंडानं म्हटलं नव्हतं. म्हणूनच जास्त भीती. मालकाची सूनबाई, बायांची वहिनी, परदेशचे सगळे कागद बघायची. ती खोलीत आली की दोघी जावा मान वर न करता तिच्या चपला बघायच्या: आज थांबते की जाते. एकदा ती नुसतीच भिंतींकडे बघत उभी राहिली आणि खोली कोरडी आहे नाही, असं म्हणून गेली. धाकटीनं त्यावरून दोन दिवस पिंजण घातलं. कोरडी म्हणजे रिकाम्या बाटल्या ठेवायला. कोरडी म्हणजे पुठ्ठे ठेवायला. कोरडी म्हणजे आपल्याला बाहेर.

नव्या नियमांची पहिली खेप निघायची वेळ आली. व्यापाऱ्याच्या पट्ट्या आल्या, बोटभर रुंदीच्या, मागे आधीच चिकट लावलेल्या. डिंकसुद्धा नको. सूनबाईनं त्या टेबलावर ठेवल्या, मागे कुठेही लावा म्हणाली, आणि फोन वाजला म्हणून गेली. दोघी जावांनी आणि त्यांच्या हाताखालच्या बायांनी ते काम अर्ध्या दिवसात उडवलं. एवढीशी पट्टी, ना माप ना मेहनत. मावशीला ते काम करताना अपमान झाल्यासारखं वाटत होतं, पण हात आपले शिस्तीत चालले. बाटली लाकडी खाचेच्या पाळण्यात आडवी, पट्टी कडेला, अंगठा मधून बाहेर. ओळीत उभ्या केलेल्या बाटल्यांच्या पट्ट्या अशा दिसायच्या की दोरी बांधून लावल्यात. मुकादम बघून म्हणाला की मावशी, जाता जाता दाखवून गेलीस. त्याला वाईट बोलायचं नव्हतं. पण ‘जाता जाता’ हे शब्द तिला दिवसभर टोचले.

धुक्याच्या त्या सकाळी खेपेचे बहुतेक खोके अंगणातल्या कंटेनरमध्ये चढले होते. संध्याकाळी लॉरी तो डबा घेऊन बंदराकडे निघायची होती. जहाज कुणासाठी थांबत नाही. शेगडीपुढच्या बाटल्या मावशी गालाला लावत होती तेवढ्यात मुकादमानं एक फुटकी बाटली आणून दिली. खोका आपटला होता, मान तुटली, बुडाचा भाग धड होता. फुटलेल्या बाटलीचा बॅच नंबर नोंदवून प्रयोगशाळेत कळवायचा ही रोजची रीत. मावशीनं पाठीवरच्या लेबलाचा तळ चष्म्याजवळ आणला.

नंबर नव्हता.

तिनं बाटली उजेडाकडे केली. व्यापाऱ्याचं नाव, रस्ता, गाव, आणि त्याच्या खाली लेबल संपलेलं. पट्टी घरच्या लेबलाच्या खालच्या कडेला अशी चपखल बसली होती की तिथं कधी काही छापलं होतं असं शपथेवर सांगूनही कुणाला पटलं नसतं. सांडलेल्या वाइननं भिजलेल्या पट्टीचं टोक मावशीनं नखानं उचललं आणि पट्टी हळूच सोलली. खाली ती मुंग्यांची ओळ होती.

 मग क्रेटवर उभा असलेला मालक दिसला, बाटली उंच धरून, तळाशी बोट ठेवून. कड धरा, बाकीचं आपोआप धरतं. आजवर वर जे लेबल चढायचं ते नंबरासकट सगळं झाकायचं, आणि तो नंबर त्या लेबलावर वेगळा छापलेला असायचा. झाकायचं कसं हे हाताला पाठ होतं. यावेळी काय झाकू नये हे हाताला कुणी सांगितलं नव्हतं, आणि हातानंही कुणाला विचारलं नव्हतं. अंगणातला सगळा डबा, एकेक बाटली, इतक्या नीटनेटकेपणानं बिघडली होती.

धाकटी आली तेव्हा मावशी स्टुलावर बसून होती. तिनं दोन्ही गोष्टी पुढे केल्या, बाटली आणि सोललेली पट्टी. धाकटीला कळायला वेळ लागला नाही. तिनं आधी दार लावून घेतलं.

“कुणाला बोललीस?”

“कुणाला नाही.”

“मग बोलू नकोस.”

आणि तिनं हळू आवाजात सगळं मांडलं, जणू हे तिनं कधीच मनात मांडून ठेवलं होतं. आपण काही मुद्दाम केलेलं नाही. मागे कुठेही लावा असं वहिनीच म्हणाल्या, चार बायांनी ऐकलंय. डबा जाईल, तिकडे अडेल, चार आठ दिवस बोंबाबोंब होईल. मालक म्हणेल करार बिरार सगळं कागदावर, प्रत्यक्षात ते अडवायचं तिथं अडवतातच. त्यापेक्षा आपलं जुनं बरं, सगळं झाकणारं लेबल बरं. आणि जुनं बरं झालं म्हणजे पाठखोली राहिली. देवानं ताट वाढून पुढे ठेवलंय, आपण फक्त लाथ मारायची नाही.

“सांगायला गेलीस तर दोन्हीकडून मेलीस,” धाकटी म्हणाली. “एक तर चूक आपली. वर आपणच दाखवून द्यायचं की ही खोली नुसती बिनकामाची नाही, अपायाचीही आहे. कुऱ्हाडीचा दांडा होऊ नकोस.”

यात खोटं काही नव्हतं, हीच पंचाईत होती. मावशीनं मान हलवली. सोललेली पट्टी तिनं खिशात घातली आणि शेगडीपुढच्या बाटल्यांकडे वळली. त्या देशातल्या बाजाराच्या होत्या, पट्ट्यांचं काम संपलं म्हणून पुसून खोक्यात भरायला दिलेल्या. एक बाटली तिनं गालाला लावली, खाली ठेवली, परत उचलली, परत लावली. ती गार होती की गरम हे तिला दोन्ही वेळा कळलं नाही.

अंगणातून खोके सरकल्याचा आवाज येत होता. प्रत्येक खोका आत गेला की पत्र्यावर धप्प असं व्हायचं, आणि मावशी तो मोजायची.

दुपारी ती जेवायला घरी गेली. घर कारखान्याच्या मागच्याच गल्लीत. नवरा खिडकीशी पाठीला उशी लावून बसलेला असायचा आणि गल्लीतलं कोण कधी आलं गेलं याचा हिशेब ठेवायचा. आज तिला बघताच म्हणाला की तू आज भिंतीला धरून का चालत होतीस. तिनं सांगून टाकलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. पण या माणसापासून काही लपवायचं म्हणजे फार हालचाल करावी लागते, आणि ती जेवायला आली होती.

त्यानं ऐकून घेतलं.  मग म्हणाला, बंदरात पत्र्याच्या डब्यात वाइन कशी होते माहीत आहे का? एकदा आपला माल असाच अडकून परत आला होता, तेव्हा तो यंत्रावर होता. परत आलेल्या बाटल्या फोडून मोरीत ओतायचं काम त्यांच्याकडे आलं. बुचं अर्धी वर आलेली, आणि वास असा की जणू कुणी जॅम करपवलाय. त्याच हातांनी त्या हंगामात ती द्राक्षं दाबली होती.

“मग काय करू म्हणता?” तिनं विचारलं.

“मी काय म्हणणार? मी खिडकीत बसतो.” आणि मग पाठीची उशी सारखी करत, “पगार तुझा गेला तर माझं औषधही जाईल, एवढं मला कळतं. तेव्हा मी सांगणं बरं नाही. तुझं तू बघ.”

तिला त्याचा रागही आला. हो म्हणाला असता तर त्याच्यावर ढकलता आलं असतं, नाही म्हणाला असता तरी. परत जाताना गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. धुकं वर गेलं होतं. अंगणात कंटेनरचा एक दरवाजा लावलेला, एक उघडा. लॉरीवाला टायरला लाथा मारून बघत होता.

ती सूनबाईच्या खोलीशी गेली ती वेगळंच काही विचारायला. दारात उभी राहीपर्यंत तिनं वाक्य जुळवलं होतं: वहिनी, उद्या मला जरा उशिरा यायचंय, यांना दवाखान्यात न्यायचंय. तोंड उघडलं आणि म्हणाली, “वहिनी, डबा लावू देऊ नका. पट्ट्या नंबरावर बसल्यात.”

सूनबाईला कळेना. मावशीनं खिशातून पट्टी काढली, तिच्या टेबलावरच्या नमुन्याच्या बाटलीच्या पाठीला खालच्या कडेला लावून दाखवली. सूनबाईचा चेहरा पांढरा झाला. ती म्हणाली, मी बघायला हवं होतं. मग म्हणाली, मी कुठेही लावा म्हणाले ना. आणि मालकाला हाक मारताना तिचा आवाज फाटला.

मालक आला. त्यानं बाटली फिरवून बघितली आणि मावशीकडे बघितलं. तिला वाटलं आता तोफ सुटणार. त्यानं एवढंच विचारलं, “तुला कधी कळलं?”

“सकाळी.”

सकाळी आणि आता, यांच्यामध्ये काय होतं हे त्यानं विचारलं नाही. पण त्यानं घड्याळाकडे बघितलं, आणि ते बघणं तिला शिवीपेक्षा जास्त लागलं.

नव्या पट्ट्या नव्हत्या. जहाज चुकलं तर पुढचं दोन आठवड्यांनी, आणि व्यापाऱ्यानं पहिल्याच खेपेला उशीर म्हणून तोंड फिरवलं असतं. काढून परत लावता येतील का, मालकानं विचारलं. मावशी म्हणाली, ओढून काढल्या तर घरच्या लेबलाचं कातडं येईल. गरम वारा दिला तर सुटतील. पण सुटलेली पट्टी परत स्वतःहून धरणार नाही, डिंकाचं बोट लावावं लागेल.

मग अंगणात जे झालं ते त्या कारखान्यात पुढे कित्येक दिवस सांगितलं जायचं. खोके खाली उतरले. सूनबाईनं घरून केस वाळवायचा ड्रायर आणला, शेजारणीचा मागून आणला, प्रयोगशाळेतल्या बाईंनी आपला आणला. एवढ्या तारा जोडल्यावर फ्यूज उडाला आणि मुकादमानं ज्या शिव्या दिल्या त्या ऐकून सूनबाईनं कान झाकले नाहीत, उलट एकदोन शिकून घेतल्या असाव्यात. हमालांनी बाटल्या काढायच्या, बायांनी वारा द्यायचा आणि सोलायचं, मावशीनं डिंकाचं बोट फिरवून पट्टी एक बोट वर बसवायची. मालकानं बाही वर सारून एक ड्रायर हातात घेतला. पहिल्याच बाटलीवर त्यानं तो इतका जवळ धरला की घरचं लेबलच सुरकुतलं. मावशी म्हणाली, दादा, आंघोळ घालायची नाहीये तिला. तो ओशाळून लांब धरू लागला.

धाकटी पहिल्यांदा खोलीच्या दारातच उभी राहिली, हाताची घडी घालून. तिच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. मावशीनं तिच्याकडे बघायचं टाळलं. थोड्या वेळानं शेजारी स्टूल ओढल्याचा आवाज आला.

“तू बसवतेस ते बरोबर आहे,” धाकटी डिंकाचा डबा स्वतःकडे ओढत म्हणाली, “पण तुझ्या एकटीच्यानं लॉरी पुढच्या हंगामात निघेल.”

तेवढंच बोलणं. पण हात कडेची सवय सोडेना. एक बोट वर, एक बोट वर, असं मनात म्हणावं लागायचं. जरा दुसरीकडे लक्ष गेलं की अंगठा आपला खाली घसरायचा, म्हातारं जनावर जुन्या गोठ्याकडे वळतं तसा. दोनदा धाकटीनं तिचं मनगट धरलं. एकदा तिनं धाकटीचं.

दिवस मावळता मावळता शेवटचा खोका चढला आणि लॉरी फाटकाबाहेर पडली. सगळे टाळ्या पिटत होते. मावशी मात्र अंगणात खाली बघत होती. डब्याच्या मागच्या कोपऱ्यातली खोक्यांची रास उघडली होती का? तिला ती उतरताना दिसली होती, परत चढताना दिसली होती, पण मधे सोललेली दिसली होती का? तिनं मुकादमाला विचारलं. तो म्हणाला उघडली असणार. असणार म्हणजे काय, तिनं विचारलं. तो म्हणाला, मावशी, आता घरी जा.

पुढचे आठवडे तिनं त्या एका राशीबरोबर काढले. समुद्र कधी पाहिला नव्हता, पण डोळे मिटले की तो डबा पाण्यावर हलताना दिसायचा, आणि त्यात मागच्या कोपऱ्यात काही खोके, ज्यांच्या पाठीवर पट्ट्या कडेला टेकलेल्या, दोरी बांधल्यासारख्या. आपण सांगितलं आणि तरीही अडलं तर? मग ना खोली राहिली, ना इमान. हात दाखवून अवलक्षण. धाकटी हे बोलून दाखवायची नाही, आणि तिचं न बोलणं घरभर ऐकू यायचं. एकाच गल्लीत समोरासमोर दारं. पाण्याला एकत्र जायच्या, एकत्र यायच्या, आणि मधल्या वाटेत फक्त बादल्या बोलायच्या.

मग एका दुपारी सूनबाई पळत आली. डबा सुटला. बंदरात उतरला, कागद बघितले, शिक्का मारला, गेला. नमुन्याला म्हणून एक खोकासुद्धा उघडला नाही. धाकटी खो खो हसायला लागली.

“म्हणजे पाठ कुणी बघितलीच नाही?”

“पहिली खेप होती, बघतील असं वाटलं होतं,” सूनबाई म्हणाली. “पुढच्या वेळी बघतील. केव्हाही बघू शकतात.”

मावशी स्टुलावर बसली. आता तो डबा डोळ्यांपुढून जाईल असं तिला वाटलं होतं. पण सूनबाई गेली नव्हती. ती दाराला टेकून उभी होती आणि या वेळी भिंतींकडे बघत नव्हती, दोघींकडे बघत होती.

जे सांगायचं ते तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं. पुढच्या महिन्यापासून व्यापाऱ्याचं नावही घरच्याच लेबलावर छापून येईल, मशीन एकदमच लावेल. पाठखोली बंद. हाताखालच्या बायांना द्राक्षांच्या खुडणीला घेतील. मशीनवर एक माणूस लागेल, लेबल सरकलं तर थांबवायला आणि नंबर दिसतोय ना ते बघायला. एकच. मालक म्हणालेत, मावशीला विचार. पण मला वाटतं तुम्ही दोघींनी ठरवावं. एवढं बोलून ती गेली.

शेगडी नव्हती लावलेली, तरी खोलीत उकडत होतं. मावशी म्हणाली की तुझा हात माझ्यापेक्षा जास्त चालतो. नजरही. मशीनवर डोळे तरणे हवेत.

“झालं का दान करून?” धाकटी म्हणाली. “ऐक आता. माझा नवरा दोन पायांवर उभा आहे, तुझा खिडकीत बसलाय. मशीनवर तू जायचंस. मी खुडणीला जाईन, नाही जमलं तर दुसरं काही बघीन. आणि उपकार म्हणून नाही हं. मी असते तर त्या दिवशी गप्प बसले असते. अजूनही वाटतं, गप्प बसायला हवं होतं.”

“मलाही वाटतं कधी कधी,” मावशी म्हणाली.

धाकटीनं तिच्याकडे बघितलं. हे तिला अपेक्षित नव्हतं. ती काही बोलणार तेवढ्यात मुकादमानं दारातून डोकं घातलं आणि देशातल्या मालासाठी खोके हवेत म्हणाला, आत्ता, लगेच, गाडी उभी आहे.

दोघी उठल्या. पुठ्ठ्याचे सपाट गठ्ठे भिंतीशी होते. मावशीनं सुतळी सोडली, एक पुठ्ठा उलगडला, चारी बाजू उभ्या केल्या, बुडाच्या झडपा एकात एक घातल्या आणि गुडघ्यानं दाबल्या. चिकटपट्टी धाकटीच्या हातात होती. तिनं ती बुडावरून ओढली, दातानं तोडली. मावशीनं खोका बाजूला सारला आणि दुसरा पुठ्ठा घेतला.